नऊ गावांचा नकाशा

फुलपाडा, विरार पूर्व
३ ऑगस्ट

मालनताई,

तुमचा नाशिकचा पत्ता लुसीबायकडून घेतला. आपल्या नऊ गावांच्या समितीची अध्यक्ष म्हणून तिच्या वहीत सगळ्यांचे पत्ते आहेत. आधी नाही म्हणाली. मग दोन दिवसांनी तिनेच फोन करून सांगितला आणि म्हणाली, "पत्र लिही. फोन नको करूस, तुझं नाव बघून ती उचलत नाही." ते मला माहीत आहे. जानेवारीपासून माझ्या मेसेजवर एकच टिक येते.

अक्षयाकडे तुमचं बरं चाललं असेल. नाशिकची हवा तुम्हाला मानवत असेल, गुडघ्यालाही तिथे आराम पडत असेल.

इकडचं तुम्हाला कळलंच असेल, तरी लिहिते. जुलैच्या एकवीस तारखेला पानोळीच्या बागांमध्ये पाणी शिरलं आणि चार दिवस उतरलं नाही. पूर्वी डोंगरावरचं पाणी ओहोळाने येऊन आमच्या खारशेतच्या सखल शेतांत पसरायचं आणि ओहोटीला खाडीत जायचं. आता आमच्याकडे भरणी सुरू झाली आहे. बांधालगत तीन शेतं मातीने भरून झालीत, पत्रे लागलेत. पाण्याला पसरायला जागा नाही म्हणून ते मागे, तुमच्या गावात चढलं. तुमच्या दिरांच्या, आत्मारामभाऊंच्या पानवेली पिवळ्या पडल्यात. केळी उभ्या दिसतात, पण खोडं मऊ झालीत म्हणे. तुमच्या बागेतल्या बावखलाचं, त्या शिंपणाच्या तळीचं गोडं पाणीही मचूळ लागतंय असं ऐकलं. भरतीचं पाणी त्यात मिसळलं असणार.

हे सगळं ऐकीव आहे. मी स्वतः पानोळीत गेले नाही. पुलावरून बघितलं आणि परत फिरले.

ताई, मागच्या जानेवारीत तुमच्याबाबतीत जे झालं ते चांगलं झालं नाही. एवढं काम केलेल्या माणसाला गाव सोडून मुलीकडे जाऊन राहावं लागतं, हे समितीतल्या कोणालाच बरं वाटत नाही. आपण सरकारी आराखड्यासाठी दिलेल्या नकाशात चूक झाली होती हे खरं आहे. शीट नंबर चारमध्ये साठवण तळ्याची जागा बदललेली दिसते. ती कशी बदलली हे मी शोधते आहे. कॉम्प्युटरवर दोन-तीन फाइली होत्या, त्यात सरमिसळ झाली असावी. अंतिम मंजुरी अजून व्हायची आहे, त्यामुळे दुरुस्तीला वाव आहे. तुम्ही परत आलात तर सगळ्यांना हुरूप येईल. लोक विसरतात, ताई.

उत्तर लिहावंसं वाटलं तर लिहा.

तुमची,
रचना


फुलपाडा
२४ ऑगस्ट

मालनताई,

स्पीड पोस्टच्या साइटवर बघितलं. पत्र सहा तारखेला पोचलं, सही तुमची आहे. म्हणजे तुम्ही वाचलंत, आणि गप्प राहिलात. ठीक आहे.

ते पत्र टाकून आल्यावर मला स्वतःचीच चीड आली. 'सरमिसळ झाली असावी' हे वाक्य मी कोणाला लिहिलं? चार महिने तुम्ही माझ्या बाजूला बसून एकेक शीट तपासलंत. माझ्या फाइली कशा असतात हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

सरमिसळ झाली नव्हती. तळं मी हलवलं.

ते का हलवलं हे सांगायचं तर मला मागे जावं लागेल. सरकारच्या विकास आराखड्याचा मसुदा लागला तेव्हा प्रत्येक गाव आपापली हरकत घेऊन धावत होतं. आमच्या खारशेतचा अर्ज होता, की नवा रस्ता पानोळीतून न्या. तुमच्या पानोळीचा होता, की खारशेतातून न्या. झेरॉक्सच्या दुकानात आपली दोघींची गाठ पडली. तुम्ही माझा अर्ज हातात घेऊन वाचलात आणि हसलात. "अगं, आपण दोघी एकमेकींच्या अंगणात कचरा लोटतोय की. ओहोळ नऊ गावांतून जातो ना? मग अर्ज नऊ कशाला?" तेव्हा मी तुम्हाला ओळखतही नव्हते. वाडीवरच्या निवृत्त शिक्षिका, एवढंच कोणीतरी सांगितलं.

मग आपण चालायला लागलो. चिंचोटीच्या डोंगराच्या पायथ्यापासून खाडीच्या उघडीपर्यंत, बांधातल्या त्या पाण्याच्या दारापर्यंत, प्रत्येक रविवारी एक गाव. तुम्ही म्हाताऱ्यांना विचारायचात, मी मोजायचे. नव्या वसाहतींमधले लोकही आले, कारण तुम्ही म्हणालात की तळमजल्यात पाणी त्यांच्याही शिरतं. नुसतं नको-नको म्हणायचं नाही, हेही तुमचंच. इमारती कुठे चालतील, दवाखाना कुठे हवा, फुलं विकणाऱ्या बायकांना छप्पर कुठे हवं, ते सगळं आपण नकाशावर मांडलं. वीस वर्षांत इथे किती माणसं येतील याचा हिशोब नऊ गावांनी एकत्र बसून केला. असं आपल्या भागात आधी कोणी केलं असेल तर मला माहीत नाही.

आणि सगळ्यांत सखल जागी, पावसाचं पाणी थोपवायला, साठवण तळं. ती जागा खारशेतात, बांधाच्या आत, आमच्या शेतावर आली. त्यात कोणाचा दोष नव्हता, पाणीच तिथे येतं.

सुनावणीत नकाशा द्यायच्या आदल्या दुपारी बाबा वालीवला माझ्या ऑफिसात आले. खुर्चीत बसले नाहीत, दारातच उभे राहिले. म्हणाले, "रचना, पोटच्या पोरीनं बापाच्या शेतावर तलाव काडला. गावान तोंड कसां दाखवू मी?" मी समजावलं. मोबदला मिळतो म्हटलं, नऊ गावांनी मिळून ठरवलंय म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. काळूराम म्हात्रे रडताना मी कधी बघितले नव्हते. ते गेल्यावर मी शीट चार उघडलं आणि तळं ओहोळाच्या कडेने वर सरकवलं, पानोळीच्या हद्दीत. तुमच्या बागेवर.

बापासाठी केलं, ताई. तरी चूक ती चूकच. तुम्ही रागावणं बरोबर आहे. पण एका म्हाताऱ्या माणसाचं मन मोडवलं नाही, एवढं तरी तुम्ही समजून घ्याल असं वाटतं.

रचना


फुलपाडा
९ सप्टेंबर

मालनताई,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर अजून फळ्यावर लिहावं तसं सरळ आहे.

'काळूरामदादांना फोन केला होता. तब्येत विचारली. वालीवला ते कधी गेलेच नाहीत म्हणाले. माझं ठीक चाललं आहे.'

कार्ड उघडं असतं, पोस्टमनने वाचलं असेल, खालच्या वॉचमननेही वाचलं असेल. त्यांना काही कळलं नसणार. तरी जिन्यात त्यांच्यासमोरून जाताना मान वर होत नव्हती.

कार्ड आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबा फुलपाड्याला आले. या वयात दोन रिक्षा बदलून. पाणी दिलं तर ग्लास तसाच हातात धरून बसले.

"मी वालीवला कवा आलो तुज्याकडं? मला तुजं हापिस कुटल्या गल्लीन हाय तां पन ठाऊक नाय."

मी समोर स्टूल ओढून बसले.

"मालनबाय मला काय बोलली नाय. नुसतं इचारलां, दादा, तुमी कदी वालीवला गेलेलात काय? मी बोललो, नाय बा. तवा ती गप झाली. माजं नाव कशाला घेतलंस?"

मग मी सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, "तलाव तयांच पायजे होता. पानी आपल्याच शेतान येतं. मी तवाच बोललेलो तुला."

खरंच बोलले होते. पहिल्या महिन्यातच, बांधावर उभे राहून. तुम्ही तेव्हा उघडीपाशी मोजपट्टीचं दुसरं टोक धरून होतात, तुम्हाला ऐकू गेलं नसेल. "हितंच काड," म्हणाले होते, "आमचं शेत दर साली बुडतं, आता सरकारी कागदावर बुडेल." आणि हसले होते.

म्हणजे मागच्या पत्रातले ते दारात उभे राहणारे, रडणारे बाबा मी तयार केले. लिहिताना मला ते दिसतसुद्धा होते. इतकं सराईतपणे खोटं लिहिता येतं मला, हे मला माहीत नव्हतं.

आता खरं लिहिते. मला त्या शेतात घर बांधायचं होतं.

गावातलं घर माझ्या भावाला, विकीला आणि बांधालगतचा तुकडा मला, असं बाबांनी आई होती तेव्हाच सांगून ठेवलंय. फुलपाड्याच्या या दोन खोल्यांत मला चौदा वर्षं झाली. समोरच्या इमारतीतला माणूस दात घासतो ते माझ्या ओट्यावरून दिसतं. दिवसभर मी वालीवला बसून दुसऱ्यांच्या गाळ्यांचे, दुसऱ्यांच्या बंगल्यांचे नकाशे काढते. त्या घराचा नकाशा मी सहा वर्षांपूर्वी काढला होता. पुढे पडवी, मागे न्हाणी, वरच्या खोलीला खाडीकडे खिडकी. कोणाला दाखवला नव्हता. तळ्याची निळी रेघ बरोबर त्या पडवीवरून गेली होती.

चार महिने मी ती रेघ बघत होते. प्रत्येक बैठकीत मान डोलावत होते. आदल्या दुपारी ऑफिसात कोणी आलं नव्हतं. मी एकटी होते. तळं निवडलं, उचललं, वर नेऊन ठेवलं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. आकार तोच, क्षेत्रफळ तेच. मग ओहोळाच्या पातळीचे दोन आकडेही बदलले, म्हणजे बघणाऱ्याला जागा पटावी. हे आकडे बदलल्याचं आजपर्यंत कोणालाच माहीत नाही. गावांच्या सह्या समितीच्या ठरावावर होत्या, शीटवर नव्हत्या. त्यामुळे मला कोणाची सही खोटी करावी लागली नाही. हे मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते, जणू त्यात काही मोठेपणा होता.

तुमचीच बाग का, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मुद्दाम नव्हती निवडली. वर सरकवताना पहिली मोकळी जागा ती दिसली. पण तुमची बाग आहे हे कळल्यावरही मी हात मागे घेतला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सुनावणी. पडद्यावर अख्खा आराखडा लहान करून दाखवला होता, त्यात तळं नखाएवढं होतं. नगररचनेच्या साहेबांनी विचारलं, "सगळ्या गावांना मान्य आहे का? नंतर तक्रारी नकोत." मी बोलायला हवं होतं, नकाशा माझा होता. तुम्ही उठलात. "साहेब, आम्ही चार महिने पायी फिरून हा काढलाय. यातली रेघन् रेघ मला ठाऊक आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही. तुम्ही खाली बसलात आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात. पेनड्राइव्ह माझ्या मुठीत होता. तुमचा हात काढून टाकावा असं मला वाटत होतं.

मग डिसेंबरात बदललेला आराखडा लागला, आणि जानेवारीत पानोळीच्या देवळातली ती सभा. ती तुम्हाला सांगायला नको. पण मी कुठे होते ते सांगते, कारण तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत. मी खांबाजवळ बसले होते. आत्मारामभाऊंनी नकाशा उलगडला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही साहेबांसमोर बोललात, रेघन् रेघ ठाऊक आहे म्हणून. मग ही रेघ कोणाची?" तुम्ही म्हणालात, "मला माहीत नाही रे." मागून कोणीतरी ओरडलं, "खारशेतवाल्यांना गाव विकलंस!" तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्यात आरोप नव्हता. रचना सांगेल, असं होतं.

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि पाणी प्यायले.

तुम्ही चपला घालून निघालात. मी भ्याले होते, ताई. दुसरं कारण नाही.

मी काय करू ते सांगा. तुम्ही सांगाल ते करीन.

रचना


फुलपाडा
१२ ऑक्टोबर

मालनताई,

यावेळी तुम्ही एकच ओळ लिहिलीत. 'मला विचारू नकोस, जिथे जिथे फिरलीस तिथे जाऊन सांग.'

गेले. अजून जाते आहे. आठ गावं झाली.

आधी लुसीबायकडे गेले. समितीची बैठक बोलव म्हटलं, कशासाठी ते सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि निवडलेली भाजी परत न निवडलेल्यात टाकली, इतकं तिचं लक्ष उडालं. मग म्हणाली, "मी आमच्या गावात मालनबद्दल काय काय बोलले माहितीये तुला? मी म्हटलं, शिकलेली बाई, पण खारशेतवाल्यांकडून काही घेतलं नसतं तर नवल. आता मी कुठे जाऊ तोंड धुवायला?" तिने मला चहा विचारला नाही. पण बैठक बोलावली, आणि प्रत्येक गावात माझ्याबरोबर आली. बोलत मात्र नव्हती. रिक्षात माझ्या आणि तिच्यामध्ये छत्री आडवी ठेवायची.

प्रत्येक ठिकाणी मी दोन शीटं नेली, खरं आणि बदललेलं. शेजारी शेजारी लावली. बदललेले आकडेही दाखवले. मग सांगितलं की हे मी केलं, माझ्या घरासाठी केलं, मालनताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्या गावात मी पाठ करून गेले होते आणि मध्येच विसरले. मग पाठ करायचं सोडून दिलं.

लोक काय म्हणाले ते सगळं लिहीत नाही. डोंगराकडच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने फक्त विचारलं, "मग आम्ही दाखवलेले झरे तरी बरोबर काढलेस का?" बरोबर काढले होते. त्याला पटलं नाही. का पटावं? वसाहतीतल्या लोकांनी तर समितीतून नाव काढून घ्यायची भाषा केली. "तुम गांववाले आपस में ही धोखा करते हो," असं त्यांचा सेक्रेटरी म्हणाला. तुम्ही त्यांच्या जिन्यात बसून बसून जुळवलेली माणसं, ताई. मी एका दुपारी तोडली. लुसीबायने दोनदा जाऊन त्यांना परत आणलं.

सगळ्यांत वाईट खारशेतात झालं. मला वाटलं होतं, आपल्या गावात शिव्या बसतील. तसं झालं नाही. देवळाच्या पारावर चार जण मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू येडी हायस काय? कोनाला कललं होतं? जां झालां तां बरां झालां, आता गप ऱ्हा." एकाने तर पाठ थोपटली. माझं डोकं चांगलं चालतं म्हणाला. शिव्या परवडल्या असत्या. तिथे मी माझ्याच माणसांत उभी होते आणि ते मला आपली समजत होते.

तेवढ्यात बाबा उठले. फार मोठ्याने बोलता येत नाही त्यांना आता. "तलाव माज्या शेतान काडा. मी सही करतो. ज्याला भरनी करायची हाय त्यानं आदी पानी कुटं जानार तां सांगावं." विकी उठून निघून गेला, तो अजून माझ्याशी बोलत नाही. पण बाबांनी फेरबदलाच्या अर्जावर सही केली. त्यांना सही करायला वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. 'काळूराम' पूर्ण होईपर्यंत सगळे थांबले होते.

बदललेले आकडे मीच दिले असं लेखी निवेदन अर्जाला जोडलंय. त्याचा माझ्या कामावर काय परिणाम होईल ते होईल. वालीवच्या दोन जणांनी त्यांची कामं आधीच काढून घेतलीत.

नवा नकाशा मी काढणार नाही, असं समितीने ठरवलं. बाहेरच्या एका मुलीला काम दिलंय. ती मोजायला येईल तेव्हा जागा दाखवायला मी जायचं, पण कागदाला हात लावायचा नाही. लुसीबायने हे वाचून दाखवलं तेव्हा तिचा आवाज जरा अडखळला. मी म्हटलं, बरोबर आहे.

पानोळी राहिलं आहे. मुद्दाम शेवटी ठेवलं असं लोकांना सांगते. खरं तर पाय निघत नाही.

रचना


फुलपाडा
२ नोव्हेंबर

मालनताई,

काल पानोळीला गेले.

बागेतून गेले, रस्त्याने नाही. पानवेलींचे मांडव रिकामे आहेत, नुसते बांबू. आत्मारामभाऊंनी अर्ध्या भागात नव्या वेली लावल्यात, अजून गुडघ्याएवढ्या आहेत. केळीचे सगळे बुंधे काढून टाकलेत. बावखल उपसून झालंय. मी ओंजळीत घेऊन चाखलं. अजून थोडं मचूळ आहे.

देवळात सगळे आले होते. बायकासुद्धा, ज्या त्या दिवशी आल्या नव्हत्या. मी दोन्ही शीटं लावली आणि सांगितलं. घर, पडवी, खिडकी, तळं, आकडे, सुनावणी, पाण्याची बाटली. ज्याने त्या दिवशी ओरडून तुम्हाला गाव विकल्याचं म्हटलं होतं तो धनेश, तोही होता. तो उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

आत्मारामभाऊ माझ्या अगदी समोर बसले होते. माझं बोलून झाल्यावर ते बराच वेळ खरं शीट बघत राहिले, तळ्याच्या कडेवरून बोट फिरवत. मग म्हणाले, "वहिनीने मला दहा वर्षांचा असल्यापासून वाढवलंय. त्या दिवसापासून मी तिला फोन केला नाही. आता कोणत्या तोंडाने करू?" त्यांची बायको म्हणाली, "तोंड जे आहे ते घेऊन जा. फोन नको, नाशिकला जा आणि घेऊन ये." तिथेच ठरलं. ते येत्या रविवारी येणार आहेत.

मी शीटं गुंडाळली. ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "रचना, अजून काही सांगायचं राहिलंय का तुझं?"

मी म्हटलं, "नाही, भाऊ."

त्यांनी मान हलवली आणि मागे फिरले.

राहिलं होतं, ताई. त्यांना ते माहीत होतं, मलाही. त्यांनी मला शेवटची संधी दिली आणि मी रिक्षात बसले. नऊ गावांत कबुली देऊन आलेली बाई होते मी, आणि तरी.

त्या दिवशी सभेत तुम्ही चपला घालून गेलात ना, त्यानंतरची गोष्ट आहे. तुम्ही दिसेनाशा झाल्यावर मला हायसं वाटलं. भीती तर होतीच, पण त्याहून जास्त हायसं वाटलं, की सगळ्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवायचं सोडलंय, आता मला कोणी विचारणार नाही. पण आत्मारामभाऊंनी विचारलं. सगळे पांगत होते, तेव्हा ते खांबाजवळ आले. त्यांचा तुमच्यावरचा विश्वास तोवर गेला नव्हता. सभेत नकाशा उलगडून विचारलं होतं ते त्यांना उत्तर हवं होतं म्हणून. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी असं करणार नाही. तू नकाशा काढलास, तुला माहीत असेल. तळं इकडे घे असं तिने तुला सांगितलं होतं का? खरं सांग, मी कोणाला बोलणार नाही."

मी म्हटलं, "मला जसं सांगितलं तसं मी काढलं, भाऊ."

एवढंच म्हटलं. तुमचं नावसुद्धा घेतलं नाही. ते उठले, आणि त्यानंतर त्यांनी तुमच्या दारात पाय ठेवला नाही. तुम्ही निघालात त्या दिवशी तुमची बॅग रिक्षापर्यंत न्यायलाही आले नाहीत, हे मला लुसीबायने सांगितलं होतं. तुम्ही गाव सोडलंत ते लोकांच्या बोलण्याने नाही, दिराने तोंड फिरवलं म्हणून सोडलंत. आणि त्याने ते आपणहून फिरवलं असं तुम्ही इतके महिने समजत असाल.

त्याने फिरवलं नाही, मी फिरवलं.

भाऊंनी हे काल सगळ्यांसमोर सांगितलं नाही. मला वाचवायला की स्वतःलाच दोषी धरून, कोण जाणे. रविवारी तुमच्यासमोर बसतील तेव्हाही सांगणार नाहीत. तुमची माफी मागतील आणि सगळं आपल्या माथी घेतील.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. आज संध्याकाळी त्यांच्या घरी नेऊन देणार आहे. रविवारी ते तुमच्या हातात देतील. पाकीट चिकटवलेलं असेल, आणि ते उघडणार नाहीत, त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच उघडा, ताई. सुरुवातीचं मनात वाचलंत तरी चालेल. शेवटचं मात्र त्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचा.

रचना